सुधारणेस वाव

भंडारा जिल्ह्यात तलाव जास्त की आमच्या साडभाऊंच्या डोक्यातल्या योजना जास्त, याचा निकाल अजून लागलेला नाही. तलाव निदान उन्हाळ्यात आटतात. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. तिकडे पुण्याकडे या नात्याला नुसतं साडू म्हणून मोकळे होतात. आमच्याकडे त्याला भाऊ जोडतात आणि दोघं एकमेकांना साडभाऊच म्हणतात, म्हणजे भांडताना थोडी तरी लाज राहते. पेशानं ते एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेचे गुरुजी आणि पिंडानं जन्मजात साहेब. माझी तर खात्री आहे की जन्मल्याबरोबर ते रडले नसणार. त्यांनी सुइणीकडं खालपासून वरपर्यंत एकवार पाहिलं असणार, हात मागे बांधले असणार, आणि म्हटलं असणार, "प्रयत्न चांगला आहे. सुधारणेस वाव आहे."

हे वाक्य त्यांच्या आयुष्याचं पालुपद होतं. शाळा तपासायला येणारे साहेब लोक जाताना एक शेरा देऊन जातात, आणि त्या शेऱ्याच्या शेवटी हे तीन शब्द असतात, जसं जेवणाच्या शेवटी पान असतं. साडभाऊंनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी तो शेरा ऐकला आणि त्यांचं त्याच्यावर प्रेम बसलं. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास: आपण केंद्रप्रमुख व्हायचं. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा गावांच्या शाळांवर देखरेख करणारा माणूस. तो फटफटीवरून येतो, वर्गात मागच्या बाजूला बसतो, गुरुजींचं शिकवणं पाहतो, आणि जाताना शेरा देतो. कुणाला आमदार व्हायचं असतं, कुणाला राईस मिल काढायची असते. साडभाऊंना मागच्या बाजूला बसून शेरा द्यायचा होता. आणि पद मिळेपर्यंत हात बसावा म्हणून ते सरावाला दिसेल त्याला शेरा देत असत.

माझ्या लग्नात अक्षता पडल्या तशी मोठ्या जावयाच्या मानानं ते पुढे आले, मला मिठी मारली आणि कानात म्हणाले, "नियोजन उत्तम. बाकी सुधारणेस वाव आहे." ते वरातीच्या उशिराबद्दल बोलले असं मी आजवर धरून चाललो आहे. माझी बायको म्हणते, ते तुमच्याबद्दल होतं. त्यांच्या स्वतःच्या घरी एकदा बाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला. साऱ्या मोहाडी तालुक्यात त्या रस्स्याला तोड नाही. त्याच्या नुसत्या वासानं शेजारच्यांची सर्दी जाते. साडभाऊंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "चव चांगली. सुधारणेस वाव आहे." बाईनं त्यांच्यापुढची वाटी उचलली आणि म्हणाली, "वाव कुठं हाये ते मले दिसलं. तुमच्या पोटात हाये. राहू द्या आता तसाच." मी समोर बसून तीन वाट्या प्यालो. साडभाऊ कोरडी भाकर खात होते, पण शेरा मागे घेतला नाही.

आता नुसत्या शेऱ्यावर कुणी केंद्रप्रमुख होत नाही, हे त्यांना कळत होतं. त्यासाठी नेतृत्व लागतं आणि अलीकडे तंत्रज्ञान लागतं. तर साडभाऊ या दोन्हींच्या मागे असे लागले की ती दोघं थकली.

नेतृत्वाचं प्रशिक्षण मोबाईलवर असायचं. पण साडभाऊंच्या शाळेच्या गावाला मोबाईलच्या मनोऱ्यांनी जणू वाळीत टाकलेलं. अख्ख्या गावात रेंज एकाच जागी येई: तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली, आणि आभाळ आलं की तीही झाडावर चढून बसे. मग साडभाऊ तिच्या मागोमाग चढत. एकदा 'शैक्षणिक नेतृत्व' या विषयाचं शिबिर चालू होतं. पलीकडून कुणी विद्वान बाई सांगत होत्या की खरा नेता उंचावरून पाहतो. साडभाऊ तेव्हा खरोखरच दुसऱ्या फांदीवर होते. खालून एक गुराखी म्हशी घेऊन चालला होता. तो वर पाहत म्हणाला, "गुरुजी, मोहफुलाचा हंगाम तं गेला जी. वर काय येचून राहिले?"

"नेतृत्व," साडभाऊ म्हणाले.

"गवसलं तं मलेबी थोडं टाकजा खाली," म्हणत तो पुढे गेला. एवढ्यात फांदीवरच्या मुंगळ्यांना साडभाऊंचा पत्ता लागला. एक मुंगळा पायजम्यातून वर निघाला, त्याच्या मागे त्याचं सारं गणगोत. पण कॅमेरा चालू होता, आणि नेता कॅमेऱ्यासमोर खाजवत नाही. साडभाऊ नुसते डोलत राहिले, मान हलवत राहिले, अधूनमधून दोन्ही हात वर नेत राहिले. शिबिर संपताना त्या बाईंनी सर्वांसमोर सांगितलं की भंडारा जिल्ह्यातल्या या सरांइतका सक्रिय सहभाग आपण कुठंच पाहिला नाही. साडभाऊ पुढे चार दिवस उभ्यानं शिकवत होते.

तंत्रज्ञानाची गोष्ट याहून मोठी. त्यांना एकदा चौकटी-चौकटीचे ते क्यूआर कोड छापण्याचा नाद लागला. मोबाईल धरला की त्या वस्तूची माहिती दिसणार. कडुनिंबाला चिकटवला, हापशीला चिकटवला, ग्रामपंचायतीच्या दाराला चिकटवला. मग प्राण्यांची माहिती आली, तेव्हा पाटलाच्या बकरीच्या पाठीवर चिकटवला. पोट्टे मोबाईल घेऊन बकरीच्या मागे, बकरी शेताच्या धुऱ्यावरून धानात, पाटील काठी घेऊन पोट्ट्यांच्या मागे, असं ज्ञान दुपारभर गावातून धावलं. शेवटी दुसऱ्या बकरीनं पहिलीच्या पाठीवरचा कोड खाल्ला आणि विषय संपला. तान्हा पोळ्याला आमच्याकडे लहान पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. त्या वर्षी साडभाऊंनी शाळेचा लॅपटॉप चाकाच्या पाटावर ठेवला, वर झूल घातली, दोन बाजूंना बेगडाची शिंगं लावली आणि रांगेत उभा केला. गावातलं एक जुनं खोड चष्मा सावरत म्हणालं, "हा कोन्या जातीचा हाये जी, गुरुजी?"

"हा ज्ञानाचा बैल आहे, बुवा."

"वखराले चालते?"

"चार्जिंग असली तं चालते."

"मंग आमच्यासारखाच हाये," बुवा म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉपला गुलाल लावला. तो गुलाल पुढे कित्येक वर्षं बटणांच्या फटींतून निघत असे. साडभाऊंच्या बोटांची टोकं कायम लाल असत, जसं कुणी सदैव निवडणूक जिंकून आला आहे.

पण त्यांच्या साऱ्या करामतींचा मेरुमणी म्हणजे पडदा, आणि त्या पडद्यात माझाही हात आहे. माझं मोहाडीला बिछायत केंद्र आहे: मंडप, खुर्च्या, भोंगे, जनरेटर, नाटकाचे पडदे. साडभाऊ मूळचे दिघोरीचे, आणि तिकडल्या माणसाला जन्मताच नाटकाची घुटी पाजतात. तरुणपणी गावच्या नाटकात ते खलनायक असत आणि इतके गोड हसत की लोक नायिकेला म्हणत, बाई, याच्याशीच कर. शाळेला प्रोजेक्टर मिळाला तेव्हा ते धावत माझ्याकडे आले. मला वाटलं, पांढरी चादर मागणार. त्यांनी मागितला राजवाड्याचा पडदा, ज्यावर दोन मोर आणि मधोमध कारंजं रंगवलेलं आहे.

मी म्हटलं, "साडभाऊ, वर्गात राजवाडा कायले?"

"तुमाले समजत नाही," ते म्हणाले. "प्रोजेक्टर तापाले येळ घेते. पोट्टे तोवर काय पाहतीन? माही धडपड? मास्तरची धडपड पोट्ट्यानं कधी पाहू नये. पडदा पाह्यजे. घंटी पाह्यजे. पडदा उघडला की धडा सुरू."

आणि तसंच झालं. वर्गात पडदा लागला. पहिली घंटी झाली की पोट्टे टाटपट्टीवर येऊन बसत, दुसरीला चुळबूळ थांबे, तिसरी घंटी झाली की साडभाऊ मोरांच्या मधून डोकं बाहेर काढून घोषणा करत, "सादर करत आहोत, अपूर्णांक." पडदा सरके, आणि भिंतीवर अपूर्णांक असे काही अवतरत की पोरं टाळ्या वाजवत. अपूर्णांकाला टाळ्या पडलेल्या मी तरी दुसरीकडे कुठं ऐकल्या नाहीत. आमच्याकडे वीज ही पाहुण्या जावयासारखी. कधी उठून जाईल ते सांगता येत नाही. ती गेली की साडभाऊ झटकन पडदा ओढत आणि म्हणत, "मध्यंतर." त्या शाळेतली पोरं वर्षानुवर्षं अशी समजूत करून घेऊन मोठी झाली की जगात वीज जात नसते, मध्यंतर होत असतं.

अशात एका दिवाळीच्या आधी बातमी आली. केंद्रप्रमुखाच्या जागा भरायच्या होत्या. यंदा नुसती सेवा किती वर्षांची ते पाहणार नाहीत. वर्गात तंत्रज्ञान कसं वापरतात, ते जिल्ह्याचे साहेब स्वतः येऊन पाहणार. साडभाऊंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. इतक्या वर्षांची फांदी, मुंगळे, गुलाल, बकरी, सारं त्या एका तासासाठीच होतं असं त्यांना वाटलं. साहेबांनी फोन करून दिवाळीनंतरचा सोयीचा दिवस विचारला. साडभाऊंनी मोबाईलचं कॅलेंडर उघडलं. सण नाही, सुट्टी नाही, जयंती नाही, पुण्यतिथी नाही. एक बुधवार असा मोकळा, असा स्वच्छ, जसं सारवलेलं अंगण. त्यांनी तो देऊन टाकला.

दोन दिवसांनी तेच बुवा, ज्ञानाच्या बैलाला गुलाल लावणारे, शाळेच्या पायरीवर येऊन बसले. मी वायर जोडायला आलो होतो. बुवा गावच्या मंडईचे पुढारी. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. ज्या गावची मंडई, त्या गावी साऱ्या मुलखातले पाहुणे. आज या गावची, उद्या त्या गावची, आणि कोणत्या गावची कधी हे गावातली चार डोकी देवळापाशी बसून ठरवतात.

"गुरुजी, साहेबाले बुधवारी बलावलं म्हनते तुमी?"

"हाव."

"बुधवारी तं मंडई हाये जी."

साडभाऊंनी खिशातून मोबाईल काढला, पाहिला, पुन्हा पाहिला. "याच्यात तं नाही, बुवा."

"त्याच्यात कशी राहीन? त्याले कोनं सांगतलं?"

साडभाऊंनी मोबाईल उलटा करून खिशात टाकला. हा माणूस दिघोरीचा. मंडईच्या धुळीत वाढलेला. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर साडभाऊंनीच त्याला शेरा दिला असता. त्यांनी साहेबांना फोन लावला. त्यासाठी पाळीवर गेले, फांदीवर गेले. साहेब म्हणाले, इतर शाळांचे दिवस ठरलेले आहेत, बुधवार चुकला तर तुमचं नाव वगळावं लागेल. ते उतरून परत आले तेव्हा बुवा पायरीवरच होते.

"असं करू," बुवा म्हणाले. "मंडई तं मोडत नाही. पन पोट्टे घंटाभर शाळेत धाडतो. रडले तरी धाडतो. तुमचं भलं होत असन तं होऊ द्या."

हो म्हणायचं एवढंच बाकी होतं. पण साडभाऊ म्हणाले, "नाही बुवा. त्याईचे मामे वर्षातून एकदा येतात. मामा आकाशपाळण्याखाली उभा अन् पोरगं माह्यासमोर बसून. ते माह्याकडे पाहीन का? मीच नाही पाह्यलं कधी."

"मंग?"

"मंग शाळाच मंडईत नेतो."

मंडईचं स्टेज माझंच होतं. दुपारी दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, आधी एक तास गुरुजींचा, असं ठरलं. त्या दिवशी गाव असं भरलं होतं की तलावाला वाटलं असेल, आपणही सरकून जागा द्यावी. घरोघर वड्यांचा घाणा, जिलेबीवाले, फुगेवाले, सहा तालुक्यांतले जावई. साहेब आले, त्यांची गाडी गर्दीत रुतली, तेव्हा बुवांनी त्यांना हाताला धरून आणलं आणि पुढच्या खुर्चीत बसवलं. हातात जिलेबीचा द्रोण दिला. मी जनरेटर सुरू केला. पहिली घंटी. दुसरी. सारा मांडव गप्प. तिसरी घंटी झाली, मोरांच्या मधून साडभाऊंचं डोकं बाहेर आलं, आणि ते म्हणाले, "सादर करत आहोत, सूर्यमाला."

पडदा सरकला आणि मागे काहीच नव्हतं.

म्हणजे चादर होती, प्रोजेक्टर होता, तो घरघरतही होता. पण आमच्याकडे मंडईचं स्टेज पिढ्यान्‌पिढ्या पूर्वेला पाठ करून बांधतात, आणि कलत्या दुपारचं ऊन समोरून थेट चादरीवर पडलेलं. दिवाळीनंतरचं, धान वाळवणारं, आमच्या झाडीपट्टीतलं ऊन. त्याच्यापुढं प्रोजेक्टरचा दिवा म्हणजे इंद्राच्या दरबारात काजवा. वर्गातल्या अंधारात जे अपूर्णांक देवासारखे प्रकट होत, त्यांचा इथं मागमूस नव्हता. मी स्टेजच्या बाजूनं साडभाऊंचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावरून इतक्या वर्षांचं केंद्रप्रमुखपण हळूहळू उतरताना मला दिसलं, जसं पातेल्यातलं उतू जाणारं दूध खाली बसतं.

मग ते माईकजवळ आले आणि गोड हसले. दिघोरीचा खलनायक हसायचा तसे.

"मंडळी," ते म्हणाले, "पडद्यावर सूर्य दाखवाचा होता. पन तो खराच येऊन बसला. आता नकली कशाले पाहता?"

मांडवात हशा पिकला. साडभाऊंनी जिलेबीवाल्याला वर बोलावलं, कारण साऱ्या मंडईत त्याचंच पोट गोल होतं. तो घामेजलेल्या बनियनवर स्टेजच्या मधोमध उभा राहिला: सूर्य. चौथीतल्या एका पोरीला स्वतःभोवती गिरक्या घेत त्याच्याभोवती फिरायला सांगितलं: पृथ्वी. पहिलीतलं एक चिमणं तिच्याभोवती पळू लागलं: चंद्र. पृथ्वीच्या ज्या अंगाला जिलेबीवाला दिसे तिकडे सारा मांडव ओरडे "दिवस", पाठ फिरली की "रात". पाहुण्यांतून कुणीतरी उठून म्हणाला, "ते पृथ्वी माही भाची हाये," आणि त्यानं शिट्टी मारली. चंद्रग्रहणासाठी सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत उभे राहायला हवे होते; पण चंद्राला फुगेवाला दिसला आणि तो कक्षा सोडून स्टेजवरून उतरला. साडभाऊ माईकवर म्हणाले, "असं झालं असतं तं समुद्राची भरती बंद पडली असती. आना त्याले." चंद्र दोन फुगे घेऊन परत आला आणि ग्रहण लागलं. मांडवातून आवाज आला, "वन्स मोअर." आमच्याकडे चांगल्या प्रवेशाला वन्स मोअर देतात. ग्रहण पुन्हा लागलं. मग तिसऱ्यांदा लागलं. त्या दिवशी मंडईला आलेली एकूण एक म्हातारी घरी जाताना सुनेला ग्रहण समजावत होती.

साहेब इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. साडभाऊ स्टेजवरून उतरताच साहेबांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, "सर, असा धडा मी माझ्या नोकरीत पाहिला नाही." भला माणूस होता, पुढचं बोलायला त्याला जड जात होतं. "पण मला पाहायचं होतं तंत्रज्ञान. ते मी पाहिलं असं कसं म्हणू? अध्यापन उत्कृष्ट. तंत्रज्ञानाच्या वापरात..." आणि साहेब अडखळले.

"सुधारणेस वाव आहे," साडभाऊंनीच वाक्य पूर्ण केलं. "शेरा बरोबर आहे, साहेब."

मांडवात दंडार सुरू झाली. आम्ही दोघं स्टेजमागं वायर गुंडाळत होतो. साडभाऊ वायर अशी हळू गुंडाळत होते जणू तिला दुखेल. गुंडाळता गुंडाळता मला म्हणाले, "साडभाऊ, ऊन पाहाले पाह्यजे होतं. मी दिवस पाह्यला, मोबाईल पाह्यला, ऊन नाही पाह्यलं." एवढ्यात तो चंद्र आला, एक फुगा त्यांच्या हातात दिला आणि पळाला. साडभाऊ तो फुगा धरून फटफटीवर माझ्या मागे बसले. सारा रस्ता तो माझ्या कानावर आपटत होता.

त्या साली केंद्रप्रमुख झाले ते तिकडे नाकाडोंगरीच्या बाजूचे एक तरुण सर. साडभाऊंनी सर्वांत आधी त्यांना हार घातला, आणि हाराबद्दल मात्र शेरा दिला. सूर्यमाला पुढे दर वर्षी शाळेत झाली. कोणती पोरगी पृथ्वी होणार यावरून घरोघर रुसवे होत.

आणि मग नोकरीच्या शेवटच्या महिन्यात गंमत झाली. त्या भागातल्या केंद्रप्रमुखांची बदली झाली, जागा रिकामी राहिली, आणि सर्वांत जुने म्हणून तिचा तात्पुरता कारभार साडभाऊंकडे आला. बातमी मोबाईलवर आली, अर्थात फांदीवर. ते झाडावरून उतरले की उडाले, यावर गावात अजून दोन मतं आहेत. त्यांनी नवा सदरा शिवला. दहा-बारा गावांचा दौरा आखला, रंगीत खडूंनी. पण त्यांची शाळा एकशिक्षकी. ते दौऱ्यावर गेले की शाळेला कुलूप. पहिल्या दिवशी ते निघाले, फटफटीला किक मारली, फाटकापाशी पोट्टे उभे दिसले, आणि फटफटी पुन्हा आत लावली. दुसऱ्या दिवशीही तसंच. असा महिना संपत आला आणि केंद्रप्रमुखांनी एकही शाळा पाहिली नव्हती.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला पडदा नीट बांधायला बोलावलं. पोरांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, उद्या साहेब येणार. सकाळी ते नवा सदरा घालून फटफटीवर आले, फाटकाबाहेर थांबले, हॉर्न दिला, हात मागे बांधले आणि आत आले. पोरं म्हणाली, "गुरुजी, साहेब कवा येते जी?"

"आलो न," साडभाऊ म्हणाले, आणि मागच्या बाजूला टाटपट्टीवर जाऊन बसले.

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. गुरुजी साहेब झाले, तर गुरुजी कोण? मग चौथीतली एक पोरगी उठली. मंडईतल्या पृथ्वीची ती धाकटी बहीण. तिनं पहिली घंटी दिली. दुसरी दिली. तिसरी देऊन मोरांच्या मधून डोकं बाहेर काढलं आणि साडभाऊंच्याच आवाजात म्हणाली, "सादर करत आहोत, सूर्यमाला." पडदा सरकला, भिंतीवर ग्रह फिरू लागले, आणि त्यांच्यापुढं पोरं फिरू लागली. भिंतीवरचा सूर्यही होता, पोरांतलाही होता. अर्ध्यात वीज गेली. कुणी हूं की चूं केलं नाही. त्या पोरीनं पडदा ओढला, म्हणाली, "मध्यंतर," आणि सारे पडद्याआड कुजबुजत पुढच्या प्रवेशाची तयारी करत राहिले. मी मागं वळून साडभाऊंकडं पाहिलं. ते चष्मा पुसत होते. पुसलेला चष्मा लावला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला.

परतताना त्यांच्या फटफटीवर मागे बसून मी विचारलं, "मंग साडभाऊ, शेरा काय देल्ला?"

त्यांनी फटफटी एकदम थांबवली. आरशात मला त्यांचा चेहरा दिसला, चोरी पकडल्यासारखा.

"राहूनच गेला गा," ते म्हणाले. "मी पाहतच राह्यलो."

आता ते निवृत्त आहेत. शाळेत नवे गुरुजी आहेत, भिंतीएवढा टीव्ही आहे, तो बटण दाबताच लागतो, पडदा लागत नाही. राजवाडा माझ्या गोदामात गुंडाळलेला आहे. बाजाराच्या दिवशी साडभाऊ मोहाडीला येतात, माझ्या दुकानासमोर खुर्चीत बसतात. परवा माझी बायको पोह्यांत मीठ घालायला विसरली. साडभाऊंनी पोहे खाल्ले आणि म्हणाले, "छान झाले." ती आत आली आणि तिनं घाबरून बहिणीला फोन लावला, "बाई, भाऊजींची तब्येत बरी हाये न?" पलीकडून बाई म्हणाली, "घरीबी तसंच हाये व. काल पाटोडी मुद्दाम जरा जळू देल्ली. छान म्हनले."

दुकानासमोर मी नमुन्याचा एक मंडप उभा करून ठेवतो. मागच्या बाजाराला मी त्याचा एक खांब वाकडा बांधला. उगीच थोडा नाही. आंधळ्यालाही दिसेल असा. साडभाऊ आले, खुर्चीत बसले, चहा घेतला. त्यांची नजर खांबाशी गेली आणि थांबली. हात सवयीनं मागे गेले. ओठ हलले. मी कान टवकारून, चहाचा कप तसाच हातात धरून उभा राहिलो.

"चहा चांगला होता," ते म्हणाले, आणि उठून बाजाराकडं निघाले.

खांब मी अजून सरळ केलेला नाही.